एकाच बँकेला परवाना, आणि दागिने लिस्बनला

आईच्या माहेरी, म्हापशाला, जुन्या ट्रंकेत एक नोट सापडली, 60 एस्कुदोची. वर बँकेचं नाव, बांकु नासिओनाल उल्त्रामारिनु. 60 ची नोट कोण काढतं असं वाटलं, मग कळलं की 1959 च्या सुमारास पोर्तुगीजांनी गोव्यात रुपया बंद करून एस्कुदो आणला तेव्हा 1 रुपयाला 6 एस्कुदो असा हिशोब होता, म्हणजे ही जुनी दहाची नोट. 30, 300, 600 च्या नोटापण त्यामुळेच.

तर ही बँक 1864 ला लिस्बनमधे सुरू झाली, वसाहतींसाठीच, आणि 1868 मधे गोव्यात शाखा. नोटा काढायचा हक्क तिचाच आणि व्यापारी बँक म्हणून 1961 पर्यंत तीच. परवाना लिस्बनच्या सरकारचा, मग गोव्यातल्या माणसाला तिथलं व्याज परवडलं नाही तर जायचं कुठे? इकडे मुंबईत 1918 ला गिरगावात सारस्वत मंडळींनी पतसंस्था काढली, तीच आजची सारस्वत बँक. मूळ गोव्याचं असलेल्या कितीतरी घरांना मुंबईत हे जमलं, पण खुद्द गोव्यात नाही.

आता कोणी म्हणेल की ब्रिटिशांकडे तरी काय वेगळं होतं? खरंय, तिथे उलटी तऱ्हा, 1949 चा कायदा येईपर्यंत बँक काढायला रिझर्व्ह बँकेचं लायसन्सच लागत नव्हतं, 1913 मधे मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली आणि त्या दोन-चार वर्षांत देशभर कितीतरी बँका बुडाल्या, लोकांचे पैसे गेले. म्हणून मी परवान्याच्या विरोधात अजिबात नाही. माझं म्हणणं एवढंच की परवाना देणारं सरकार तिथल्या लोकांना जाब देणारं नसेल तर त्या परवान्यात ठेवीदाराचा, कर्जदाराचा विचार येणारच कुठून.

याचा पुरावा म्हणजे सोनं. गोव्यातल्या लोकांनी या बँकेत गहाण ठेवलेले दागिने मुक्तीच्या आधी सरळ लिस्बनला हलवले. बायकांच्या बांगड्या, मंगळसूत्रं हो! कर्ज फेडायची तयारी असली तरी वस्तू समुद्रापलीकडे, आणि 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तरी भारत-पोर्तुगालचे संबंध 1955 पासूनच तुटलेले, ते परत जुळले 1974 च्या शेवटी. दागिने परत आले ते 1991 मधे, म्हणजे गहाण ठेवताना पंचवीस वर्षांची असलेली बाई तोपर्यंत पंचावन्नची झालेली, आणि तेव्हाच साठीला आलेली कितीतरी माणसं वाट बघतच गेली असणार.