पावडरींच्या घरात

आमच्या घरात पावडर न खाणारा माणूस एकच आहे, आणि घरातल्या सगळ्या पावडरी कालवायचं काम त्याच्याच गळ्यात पडलंय. चिरंजीवांची पावडर खेळाडूंची, बायकोची आरोग्याची आणि अण्णांची वैद्यकीय. प्रत्येक डब्यात कंपनीने मोजायला चमचा दिलेला असतो आणि तो कायम तळाशी गाडलेला असतो. मनगटापर्यंत हात घालून तो उकरून काढायचा, उडालेली धूळ नाकात जाऊ द्यायची, शिंकायचं, मग कालवायला घ्यायचं. शिंकेतून किती ग्रॅम प्रथिनं वाया जातात याचा हिशोब चिरंजीव ठेवतात.

चमचा सापडेपर्यंत वेळ असतो म्हणून मी डब्यावरची यादी वाचू लागलो. घरातली शांतता तिथून बिघडली.

चिरंजीवांच्या डब्यात मुख्य माल व्हे प्रोटीनचा. हे चीज करताना मागे उरणारं पाणी. चीजवाल्यांना कित्येक वर्षं याचं काय करायचं हाच प्रश्न होता. डुकरांना पाजायचे, नाहीतर सरळ नाल्यात सोडायचे. पुढे कोणीतरी ते गाळलं, वाळवलं, व्हॅनिलाचा वास लावला आणि काळ्या डब्यात भरून वर वीज चमकवली. हे मी चिरंजीवांना सांगितलं. "बाबा, आयसोलेट आहे ते," एवढंच उत्तर आलं. म्हणजे तेच पाणी, पण जास्त गाळलेलं.

त्यातच क्रिएटिन. खोटं कशाला बोला, या सगळ्या गर्दीत हा एक गडी खरा कामाचा. शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये तो मांसाच्या अर्कात शोधला. आपलं शरीरही तो बनवतं आणि थोडक्या वेळाच्या जोरकस कष्टाला त्याचा खरंच उपयोग होतो. चिरंजीवांनी तो शास्त्रोक्त सुरू केला: आधी आठवडाभर रोज २० ग्रॅम, मग ३ ते ५. आठवड्याने काट्यावर उभे राहून "वाढलं!" म्हणून ओरडले. मी म्हटलं, "पाणी आहे ते. क्रिएटिन स्नायूत पाणी धरून ठेवतं." तेव्हापासून ते माझ्यासमोर काट्यावर चढत नाहीत.

बीटा-अ‍ॅलनिनची मजा आणखी वेगळी. ते घेतल्यावर थोड्या वेळाने तोंडाला, कानांना, हातांना मुंग्या येतात. अपाय काही नाही, पण चिरंजीव कान चोळत फिरतात आणि म्हणतात, "लागू पडतंय!" खरं म्हणजे ते लागू पडतं स्नायूत त्यापासून बनणारं कार्नोसिन नावाचं द्रव्य साठल्यावर, आणि त्याला काही आठवडे लागतात. मुंग्यांचा त्याच्याशी संबंध नाही. पण पैसे दिल्यावर काहीतरी झालेलं जाणवावं लागतं, आणि मला वाटतं, मुंग्यांची खरी नेमणूक त्याच कामावर आहे.

सगळ्यात करमणूक प्रथिनांच्या आकड्यात आहे. प्रथिनं मोजायची मूळ पद्धत केल्डाल नावाच्या डॅनिश माणसाने १८८३ मध्ये काढली, तीही कोपनहेगनच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. ती प्रथिनं मोजतच नाही, नायट्रोजन मोजते. येईल त्याला ६.२५ ने गुणायचं. आता प्रथिनं ज्या विटांची बनतात त्या अमिनो आम्लांतल्या ग्लायसिनसारख्या स्वस्त विटेतही नायट्रोजन असतो. लबाड कारखानदार ते सुटं ग्लायसिन ओततो, गुणाकार फुगतो आणि डब्यावर मोठ्ठा आकडा छापता येतो. हे ऐकल्यावर चिरंजीव डबा छातीशी धरून खोलीत गेले.

बायकोच्या बाजूला पोटाला चांगले म्हणून खायचे जिवाणू आहेत. एका कॅप्सूलमध्ये अब्जांनी. मोजले कोणी, असं मी विचारत नाही. जेवण तिच्या हातात आहे. परवा नवा डबा उघडून ती म्हणाली, "अहो, हे दुसरंच काहीतरी पाठवलंय. लॅक्टोबॅसिलस नाहीच यात." होता. शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलसचं घराणं फोडून त्याची पंचवीस घराणी केली, त्यात हिच्या डब्यातल्या ऱ्हॅम्नोसस या जातीचं आडनाव लॅक्टिकेसिबॅसिलस झालं. जिवाणू तोच, काम तेच. फक्त आता नाव उच्चारताना जेवण पचतं.

त्यात पोस्टबायोटिक आले आहेत. म्हणजे मेलेले जिवाणू, किंवा त्यांचे अवशेष. २०२१ मध्ये तज्ज्ञांनी बसून त्यांची रीतसर व्याख्या केली: निर्जीव हवेत, पण आरोग्याला फायदा दिसला पाहिजे. मला हे लोक फार आवडले. फ्रीज लागत नाही, जिवंत पोचले का याची काळजी नाही, आणि मेल्यावरही उपयोगी पडतात. बायको म्हणाली, "इतकी वर्षं जिवंत जिवंत म्हणून जपले, आता मेलेले चालतात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तज्ज्ञांकडे असावं.

कोलॅजनबद्दल मात्र मी तोंड उघडायला नको होतं. त्यात ट्रिप्टोफॅन नावाचं आवश्यक अमिनो आम्लच नसतं, त्यामुळे प्रथिनांच्या गुणपत्रिकेत एकट्या कोलॅजनला चक्क शून्य मिळतं. शिवाय पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे पत्ता विचारत बरोबर चेहऱ्यावरच पोचतील याची हमी कोण देणार? डब्यावर "त्वचा तेजस्वी" या शब्दांपुढे एक चांदणी आहे. चांदणीचा माग काढत डबा फिरवला तर तळाशी, मुंगीने लिहावं अशा अक्षरांत, हे उत्पादन कोणत्याही रोगाच्या निदानासाठी, उपचारासाठी वा प्रतिबंधासाठी नाही, असं सापडतं. मी ते मोठ्याने वाचलं. दोन दिवस मला पाणीसुद्धा स्वतः घ्यावं लागलं.

अण्णांची गोष्ट मस्करीची नाही. आजारपणानंतर त्यांना पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो. पाणी श्वासनलिकेत जायची भीती. म्हणून त्यांच्या प्रत्येक पेयात झँथन गमची पावडर घालून ते घट्ट करायचं. किती घट्ट, याचं आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे, ० ते ७ पातळ्यांचं. अण्णा तिसऱ्या पातळीवर. तपासायला खालच्या तोंडावर बोट धरून १० मिलीची सिरिंज भरायची, बोट काढायचं, १० सेकंद मोजायचे. खाली २ मिलीहून जास्त उतरलं तर पुन्हा पावडर. रोज सकाळी मी ओट्यापाशी चहा सिरिंजमध्ये भरून घड्याळाकडे बघत उभा असतो. घरातल्या सगळ्या पावडरींत सांगितलेलं काम मुकाट्याने करणारी ही एकच, आणि तिच्या पुड्यावर ना वीज, ना चांदणी. अण्णांना तिचा मनस्वी राग. "हा चहा प्यायचा की लिंपायचा?"

त्यांच्या दुसऱ्या डब्यात एचएमबी आहे. ल्युसिन या अमिनो आम्लापासून शरीर स्वतःच ते थोडंसं बनवतं, जेमतेम पाच टक्के ल्युसिन त्या वाटेला जातं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचे स्नायू झडू नयेत म्हणून ते देतात. डब्यावर पांढऱ्या केसांचं जोडपं बाकावर बसून हसतंय.

परवा अण्णांनी वेळ जात नाही म्हणून भिंग घेऊन सगळे डबे वाचायला काढले. थोड्या वेळाने हाक आली.

"हे एचएमबी नातवाच्या डब्यातही आहे?"

"आहे."

"तितकंच?"

"तितकंच. ३ ग्रॅम."

"मग त्याच्या डब्यावर तो दंडवाला आणि माझ्या डब्यावर हे थेरडं का?"

मी खरं ते सांगितलं, की चांगला व्यायाम करणाऱ्या तरुणांना त्याचा फारसा फायदा दिसत नाही, उपयोग झाला तर तुम्हालाच. चिरंजीव दारात उभे होते. ते ऐकून त्यांचे दंड जागच्या जागी उतरले. आता त्यांचा डबा कपाटात भिंतीकडे तोंड करून असतो.

अण्णांनी मात्र चहासकट सगळं काळ्या शेकरमधून हवं असा हट्ट धरलाय. तिसऱ्या पातळीचा चहा शेकरच्या बारीक तोंडातून काही केल्या उतरत नाही. म्हणून मी झाकण काढून आत चमचा घालून देतो, आणि झाकण त्यांच्या दुसऱ्या हातात, कोणी आलं तर पटकन लावायला.