मार्था पार्टीचे सभासद

फादर लोकांना सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, तत्त्वज्ञान, ईशज्ञान, कॅनन लॉ म्हणजे चर्चचा कायदा वगैरे शिकवतात हे ठाऊक आहे, पण मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर दारात उभं राहून समोरच्याचा हात हातात घ्यायचा आणि तो सोडायच्या आत त्याच्या गळ्यात काम मारायचं, हे कुठल्या वर्षाला असतं ते एकदा विचारायचंय. पद्धत सगळ्यांची सेम. आधी घरच्यांची चौकशी, मग "तुमचा आवाज छान आहे हो", आणि मग "एक छोटंसं काम होतं". मागे लोकांची ही लाईन, सगळे बघतायत, आपण नुकतंच कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घेतलेलं, चेहऱ्यावर जरा पावित्र्य वगैरे आलेलं, अशा अवस्थेत नाही म्हणणारा माणूस मी तरी अजून बघितलेला नाही.

खरं म्हणजे हे सगळं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपासून सुरू झालं असं माझं मत आहे. १९६२ ते १९६५ जगभरच्या बिशपांची ती परिषद चालली आणि तिने सांगितलं की प्रापंचिकांनी, म्हणजे फादर-सिस्टर नसलेल्या आपल्यासारख्यांनी, नुसतं बघत बसू नये, उपासनेत समजून उमजून भाग घ्यावा. मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली ती तेव्हापासून. चांगलंच झालं, तक्रार नाही. पण आमच्या आजीच्या काळात फादर वेदीकडे तोंड करून आणि लोकांकडे पाठ करून मिस्सा म्हणायचे, त्यामुळे नजरानजर होण्याचा प्रश्नच नव्हता. आता ते आपल्याकडे बघत असतात. प्रवचन चालू असतानाच त्यांची नजर बाकांवरून फिरते आणि एका जागी थांबते, तेव्हा आपण पटकन गीतपुस्तकात डोकं घालायचं हे मला फार उशिरा कळलं.

माझं छोटंसं काम म्हणजे वाचन, मिस्सात बायबलमधला उतारा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. आता नवीन वाचकाला पहिला रविवार कुठला मिळतो? पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण! कारण जुने सगळे वाचक नेमके त्याच रविवारी बाहेरगावी असतात. का असतात ते पुस्तक उघडल्यावर समजलं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय दुसरा, पार्थी, मेदी, एलामी, मग मेसोपोटेमिया, कप्पदुकिया, पंत, फ्रुगिया, पंफुलिया, संपतच नाही. पवित्र आत्मा आला आणि सगळ्यांना आपापल्या भाषेत ऐकू यायला लागलं असा तो उतारा, आणि इथे वाचणारीला स्वतःच्या भाषेत जीभ वळवता येईना. मिस्सानंतर एक अंकल खास थांबून सांगून गेले, की बाकी छान पण पंफुलियाला तू फार घाई केलीस. हे अंकल स्वतः गेली कित्येक वर्षं वाचक आहेत आणि त्या दिवशी बाहेरगावी होते म्हणे.

त्यापेक्षा अवघड म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीची जागरणाची मिस्सा. एकूण नऊ वाचनं, सात जुन्या करारातली आणि दोन नव्या. गरज पडली तर जुन्या करारातली काही गाळता येतात, पण निर्गमचं, म्हणजे तांबडा समुद्र दुभंगतो ते वाचन कधीच गाळायचं नाही असा नियम आहे. त्यामुळे वाचकांमध्ये दोन वर्ग पडतात. बाकीचे सहा जण शेवटच्या क्षणापर्यंत आशेवर असतात, आणि ज्याच्या वाट्याला तांबडा समुद्र आला त्याची सुटका नाही. त्या उताऱ्यात फारोचे रथ आणि स्वार इतक्या वेळा येतात की दरवेळी वाटतं मगाशीच वाचलेली ओळ परत वाचतेय, आणि मागच्या बाकावर लहान मुलं हातातल्या मेणबत्तीने पुढच्या आंटीचे केस पेटतात का बघत असतात, तिकडे अर्धं लक्ष.

तर वाचन आलं. वाचनावरून मग "तुम्ही तशाही लवकर येताच" म्हणून चर्च उघडणं आलं, उघडतेच आहे तर माइक बघणं आलं, आणि चावी आहेच तर वेदीची वस्त्रं धुवायलाही तूच ने. हे धुणं म्हणजे मशीनमध्ये टाकलं आणि झालं असं नसतं, चषक पुसायचं आणि वेदीवर अंथरायचं कापड आधी साध्या पाण्यात बुडवायचं, ते पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, जमिनीत ओतायचं. मी ते कुंडीत ओतते. घरातलं तेवढं एकच झाड जोमात आहे आणि नवरा त्याला आता अहोजाहो करतो.

नवऱ्याचं सांगायचं राहिलं. त्याला एकदा, फक्त एकदा, साउंड सिस्टीम बघायला सांगितली होती. तेव्हा शुभवर्तमानापासून अखेरच्या आशीर्वादापर्यंत स्पीकरमधून शिट्टी वाजत राहिली. तेव्हापासून त्याला कोणी काही सांगत नाही, उलट तो स्टेजजवळ दिसला की दोन तरुण धावत जाऊन "राहू द्या अंकल" म्हणतात. ते मुद्दाम केलं होतं अशी मला आता जवळजवळ खात्री आहे, पण कन्फेशन त्याचं आहे, माझं नाही.

पॅरिश कौन्सिल, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांची समिती, हा वेगळाच विषय. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये ५३६ नंबरचं कलम आहे, त्याप्रमाणे या कौन्सिलला फक्त सल्ला द्यायचा हक्क असतो, अध्यक्ष फादरच. म्हणजे आम्ही हॉलमध्ये बसून घसा कोरडा होईपर्यंत भांडून जे ठरवतो ते फादरांनी ऐकून घ्यायचं असतं, इतकंच. ते ऐकतात, मान डोलवतात, "फार चांगली चर्चा झाली" म्हणतात आणि प्रार्थना घेऊन मीटिंग संपवतात. पुढचं कलम, ५३७, सांगतं की अर्थविषयक कौन्सिल मात्र प्रत्येक पॅरिशला असायलाच पाहिजे. थोडक्यात आमच्याशिवाय चालू शकतं, हिशोब बघणाऱ्यांशिवाय नाही, आणि ते हिशोबवाले हे आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्या मागितल्या की बरोबर जाणवून देतात. खुर्च्या घ्यायच्या की आहेत त्याच दुरुस्त करायच्या हा मुद्दा मी कौन्सिलवर यायच्या आधीपासून अजेंड्यावर आहे. त्याच खुर्च्यांवर बसून आम्ही तो मांडतो, त्यामुळे अधूनमधून पुरावाही आपोआप मिळतो.

फुलांच्या कमिटीबद्दल जपून लिहायला हवं कारण त्यातल्या दोघी हे वाचतील. ईस्टरआधीच्या उपवासकाळात वेदीवर फुलं लावायची नसतात, चौथा रविवार आणि मोठे सण सोडले तर. त्यामुळे राखेच्या बुधवारपासून, म्हणजे तो काळ सुरू झाल्यापासून, या सगळ्या रिकाम्या. हा काळ पश्चात्तापासाठी असतो, पण इतके रिकामे दिवस मिळाल्यावर माणसं मागच्या ख्रिसमसला गोठ्याशेजारचा गुच्छ कोणी हलवला त्याच्या मुळाशी जातात आणि ईस्टरपर्यंत दोन पार्ट्या तयार असतात. यातली एक आंटी माझ्याशी वर्षभर बोलत नव्हती, गुच्छ मी हलवला असा तिचा समज (मी नाही, माइकची वायर काढताना वेदीसेवक पोरांनी हलवला, पण पोरांची नावं कशाला सांगायची). सासूबाई गेल्या तेव्हा मात्र सगळ्यात आधी दारात तीच हजर. मला जवळ घेतलं, रडली, सगळ्यांना फोन केले, रोजरी कोण सांगणार ते ठरवलं, आणि मग शवपेटीवर मी ठेवलेली फुलं उचलून नीट लावून परत ठेवली. अजूनही आम्ही फारशा बोलत नाही. पण तिची पाळी असताना ती आली नाही की मी फोन करते, कारण ताप एकशे दोन असल्याशिवाय ती बाई फुलं दुसऱ्याच्या हातात देणार नाही.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे सी वर्षातला सामान्यकाळाचा, म्हणजे मोठे सण आणि उपवास नसलेल्या काळाचा, सोळावा रविवार. रविवारची वाचनं ए, बी, सी अशी तीन वर्षांनी फिरून येतात, आणि त्या रविवारी लूकच्या दहाव्या अध्यायातल्या मार्था आणि मरिया या बहिणी येतात, प्रभू येशू त्यांच्या घरी आलेला. मार्था बिचारी कामाने मेटाकुटीला आलेली, मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकतेय, आणि शाबासकी कोणाला? बसलेलीला. हे प्रवचन आम्ही सगळे मार्था पार्टीवाले मागच्या दाराशी उभे राहून ऐकत होतो, एकाच्या हातात कलेक्शनच्या टोपल्या, एकीच्या हातात कुलूप, मी पंख्याच्या बटणांपाशी. बाकांवर निवांत टेकलेल्या सगळ्या मरिया फार समाधानाने मान हलवत होत्या. बरं, २९ जुलैला मार्थाचा म्हणून वर्षातला एक दिवस होता, तर २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याच दिवशी मरिया आणि लाझरस यांचंही स्मरण करायचं असं ठरवून टाकलं. म्हणजे स्वतःच्या सणाला सुद्धा बहीण येऊन बसली, वर भाऊही. जेवायचं कोणी बघितलं असेल ते सांगायला नको.

तसं आमच्या पार्टीला आधार जुना आहे. कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांना वाटणी नीट होत नाही म्हणून कुरकुर झाली, तेव्हा बारा प्रेषितांनी सांगितलं की आम्ही वचनाची सेवा सोडून पंगतीत वाढत बसणं बरं नाही, तुम्ही सात जण निवडा. ख्रिस्तसभेतली पहिली कमिटी ती अशी, तक्रारीतून जन्मलेली. फक्त त्या सातांपैकी स्तेफनला पुढे लोकांनी दगड मारून ठार केलं, हे आमचे फादर कमिटी नेमताना सांगत नाहीत.

मध्यंतरी फादरांची बदली झाली. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण मनात एक कोपरा होता तो म्हणाला, आता नवीन फादरांना तुझं नाव माहीत नाही, मागच्या बाकावर जाऊन बस. मी बसले. पहिल्या रविवारी मिस्सा संपल्यावर बाजूच्या दाराने सटकणार तर नवीन फादर नेमके त्याच दारात, हातात जुन्या फादरांनी जाताना दिलेली फाईल. चौकशी करून, नाव विचारून त्यांनी एक पान काढलं. त्यावर माझ्या नावापुढे वाचन, चावी, वस्त्रं, कौन्सिल सगळं ओळीने लिहिलेलं, आणि शेवटच्या रकान्यात, जिथे बाकीच्यांचे फोन नंबर होते, तिथे फक्त एवढंच, "फोन करू नये, समोरासमोर विचारावे."