वासराची हगवण आणि अँटिबायोटिक: एका प्रतिक्रियेला उत्तर

वासराला हगवण लागली की लगेच अँटिबायोटिक पाजू नका, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंय, "हगवण लागलेलं वासरू रात्रीत जातं. अँटिबायोटिक द्यायचं नाही तर नुसतं बघत बसायचं का? आणि वासराचं दूध कोण पितं, की औषधाचा अंश माणसात येईल?"

वासरू रात्रीत जातं, हे खरं आहे. पण बहुतेकदा ते जातं अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. डोळे खोल जातात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर उभीच राहते, तोंडात बोट घातलं तर गार लागतं. अशा वेळी आधी क्षार-साखरेचं पाणी हवं, आणि चोखायची ताकदच उरली नसेल तर शिरेतून सलाईन. पहिल्या काही आठवड्यांतली हगवण पुष्कळदा रोटाव्हायरस, कोरोनाव्हायरस किंवा क्रिप्टोस्पोरिडियम या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीमुळे होते. त्यांच्यावर नेहमीची अँटिबायोटिकं चालत नाहीत. ताप असेल, शेणात रक्त असेल, वासरू मान टाकून पडलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरांनी अँटिबायोटिक द्यायलाच हवं.

माझा विरोध आहे तो दिसली हगवण की पाजला डोस, या सवयीला. कोवळ्या आतड्यात उपयोगी जंतू नुकते रुजत असतात. तोंडावाटे दिलेलं औषध त्यांनाही मारतं आणि कधी कधी त्यामुळेच हगवण लागते. टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक वाढत्या हाडांत आणि दातांत जाऊन बसतं. एन्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकने शिंगरांच्या सांध्यांची कूर्चा खराब होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. भीती नुसत्या अंशाची नाही, औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची आहे. ते शेणातून, हातातून, बुटांतून गोठ्याबाहेर पडतात. कोलिस्टिन या अगदी शेवटी वापरायच्या अँटिबायोटिकला जंतूंना दाद देऊ न देणारं एमसीआर-१ जनुक 2015 साली चीनमध्ये डुकरांत सापडलं, आणि माणसांतही. कासेत औषध भरलेल्या गाईचं विकता न येणारं दूध वासरांना पाजतात, तेही थांबायला हवं. त्या थोड्या थोड्या औषधावर असेच जंतू पोसले जातात.

स्वीडनने 1986 मध्ये वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं बंद केलं, तेव्हा दूध तोडलेल्या डुकरांच्या पिल्लांत हगवण वाढली होती. मग दूध उशिरा तोडणं, कोरडी स्वच्छ जागा आणि खाद्यातले बदल यांनी तिथल्या लोकांनी ती आटोक्यात आणली.

वासराच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट चीक. वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे 35 किलोच्या वासराला साडेतीन लिटर, आणि तोही पहिल्या काही तासांतच. चिकातली रोगाशी लढणारी द्रव्यं आतड्यातून रक्तात जातात, आणि दिवसभरात आतड्याची ती दारं मिटतात. तुमच्याकडे चीक जन्मानंतर किती वेळाने आणि किती पाजतात, ते लिहा. हगवण कोणत्या वयात लागते, तेही कळवा.