माणगावचा पुतळा आणि ‘इंग्रजांचा शिपाई’

माणगावला तहसील कार्यालयाच्या आवारात नाईक (हा लष्करातला हुद्दा) यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, १९४४, मरणोत्तर. अशा पुतळ्यांवरून एक युक्तिवाद हमखास फिरतो: हे इंग्रजांचे पगारी शिपाई, परक्या युद्धात मेले, पदक तर भरती वाढावी म्हणून वाटलेलं. स्वतंत्र देशात त्यांचं कौतुक कशाला?

पगारी होते, हे कबूलच. भातशेतीवर घर चालत नाही म्हणून कोकणातली पोरं एकतर मुंबईला गिरणीत जात, नाहीतर पलटणीत. पण सैनिक पगार घेतो म्हणून त्याचं शौर्य खोटं ठरत असेल, तर आजच्या एकाही जवानाला सलाम करता येणार नाही.

पदक वाटलेलं होतं म्हणणाऱ्यांनी मानपत्र वाचावं. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात घाडगेंच्या सेक्शनमधले, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या छोट्या तुकडीतले, सगळे मेले किंवा जखमी झाले, उरले ते एकटे. मागून कोणी येणार नाही हे ठाऊक असून ते थेट मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही संपवले, टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी लोळवलं. मग स्नायपरच्या गोळ्या छातीत, पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या मोर्चातच प्राण गेला. वय २२. इंग्रजांनी अशा पदकांचा प्रचाराला वापर केला, तो केलाच. त्याने मोर्चावरचं हे काही खोटं होत नाही.

‘परकं युद्ध’ हा मुद्दा त्यातल्या त्यात वजनदार. भारतीयांना न विचारता देश युद्धात ओढला गेला, हा राग रास्तच आहे. तो तेव्हाच्या व्हाइसरॉय लिनलिथगोवर काढावा, घाडगेंसारख्या पळसगावच्या पोरावर नव्हे. समोर हिटलरची फौज होती आणि इटलीचा तो भाग तिच्या ताब्यात होता. तिथल्या माँटोने गावात २०२३ साली घाडगेंच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. ज्यांच्या गावात लढाई झाली त्यांना हे युद्ध परकं वाटत नाही, आणि इथे आपण पुतळ्यावरून हुज्जत घालतोय!

इंग्रजांविरुद्ध लढलेल्या आझाद हिंद सेनेचा दाखला हटकून येतो. तिचा मान ठेवायला घाडगेंचा पुतळा हलवावा लागत नाही.

राहता राहिली ‘इंग्रजांची पलटण’. घाडगेंची ३/५ मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, १९४८ साली काश्मीरच्या लढाईत ब्रिगेडियर उस्मान यांच्या हाताखाली झांगडसाठी लढली. पुढे हीच पलटण भारतीय सैन्याच्या पॅराशूट रेजिमेंटची २ पॅरा झाली. तिलाही इंग्रजांची म्हणणार का?