जुलाबात बाळाचं पाणी तोडू नका

व्हॉट्सॲपवर परत तो मेसेज फिरतोय, बाळाला जुलाब लागले की दूध-पाणी बंद करा म्हणजे पोटाला आराम मिळतो. प्लीज असं करू नका, हे साफ चुकीचं आहे. जुलाबात जीवाला धोका होतो तो अंगातलं पाणी आणि मीठ कमी झाल्यानं, आणि आपण वरून प्यायचंही बंद केलं तर ते लेकरू सुकतंच ना. अंगावरचं दूध चालूच ठेवा, उलट जास्त वेळा पाजा. ओआरएसचं (जुलाबात पाण्यात कालवून द्यायची मीठ-साखरेची पावडर) मोठं पाकीट १ लिटर पाण्यात एकदम पूर्ण टाकायचं, अर्धं पाकीट ग्लासात वगैरे अंदाजानं नाही, आणि कालवलेलं २४ तासांच्या आतच वापरायचं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून परत चमचा चमचा द्या, घाई नको. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायच्या, आशाताईंकडे मिळतात. डोळे खोल गेलेत, टाळू बसलीय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश मागे जातेय, शीमध्ये रक्त दिसतंय किंवा बाळ मलूल पडून पीतच नाहीये, तर मग घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा, बाळ पीत असेल तर वाटेत ओआरएस पाजत.