‘जसं आहे तसं’ म्हणजे ‘जेवढं उरलं तेवढं’ नव्हे

जुन्या मशिनरीची खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी वर ‘अगदी खरंय’ असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: लिलावात ‘जसं आहे तसं, जिथं आहे तिथं’ लिहिलेलं असलं की सुटं सामान कमी निघालं तरी तोंड उघडायची सोय नाही. फोटोत जे दिसतं ते सगळं लॉटमध्येच, म्हणजे एका नंबराखाली विकायच्या मालातच, असतं. सामान गायब झालं तर ते लिलाववाल्यानेच मागच्या दाराने विकलेलं असतं. तसंही चक (मशीनवर काम धरणारा पंजा), जॉ (त्या पंजाची बोटं), गियर बाजारात कुठेही मिळतात, मशीन स्वस्तात पडलं यात समाधान माना. भांडायचंच असेल तर आधी माल आपल्या शेडमध्ये आणा, मग भांडा. आणि शेवटी: लिलावात प्रश्न विचारत बसणारा बोली हरतो.

पहिली दोन वाक्यं एकमेकांच्या उरावर बसलेली आहेत, हे पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणाच्याच लक्षात आलेलं दिसत नाही. फोटोतलं सगळं लॉटमध्येच असेल तर त्यातलं कमी निघाल्यावर बोलायची सोय का नसावी? असो. एकेक वाक्य घेऊ.

‘जसं आहे तसं’ ही अट मालाच्या अवस्थेबद्दल असते. बेड झिजलाय, स्पिंडल आवाज करतोय, कूलंटचा पंप जळालाय, कंट्रोलच्या स्क्रीनवर रेघा येतात, हे सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात, कबूल. पण अवस्था कशाची? लॉटची. आणि लॉट म्हणजे काय हे आधी ठरलेलं असतं: कॅटलॉगमधली ओळ आणि पाहणीच्या दिवशी त्या नंबराखाली असलेल्या वस्तू. कॅटलॉगमध्ये ‘फोर-जॉ चक आणि स्टेडीसह लेथ’ असं छापलं असेल आणि स्टेडी (लांब काम मध्ये टेकवून धरायचा आधार) हाती आली नाही, तर ती झिजकी स्टेडी नव्हे, न दिलेली स्टेडी आहे. जी वस्तू समोर नाहीच, ती ‘जशी आहे तशी’ कशी घेणार?

इथे लगेच बाह्या सरसावू नका. बहुतेक लिलावांच्या अटींत आणखी एक कलम असतं: वर्णन माहितीपुरतं आहे, खरेदीदाराने स्वतः पाहून खात्री करावी. म्हणजे कॅटलॉगची ओळ ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. पाहणीच्याच दिवशी स्टेडी जागेवर नव्हती आणि तुम्ही पाहणीला गेलाच नाहीत, तर तुमची बाजू लंगडी पडते. या कलमाला किती वजन द्यायचं हे देशोदेशीच्या कायद्यावर आणि तुम्ही स्वतःसाठी घेताय की धंद्यासाठी यावर ठरतं. परदेशातून ऑनलाइन बोली लावणारे काही जण ‘आंतरराष्ट्रीय करार आहे ना पाठीशी’ असं सांगतात. मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा 1980 चा व्हिएन्ना करार त्यांच्या डोक्यात असतो. त्या कराराच्या दुसऱ्याच कलमात लिलावातली विक्री सरळ वगळलेली आहे. तो दरवाजा बंद.

खरा वाद मात्र दुसऱ्याच शब्दात लपलेला असतो. ‘जसं आहे’ म्हणजे कधी आहे? पाहणीच्या दिवशी, हातोडा पडून बोली पक्की झाली तेव्हा, की माल न्यायच्या, म्हणजे उचलीच्या दिवशी? हातोडा पडला की त्या क्षणी लॉट जसा होता तसा तुमचा. त्यानंतर त्यातलं काही कुणी उचललं तर ते ‘जसं आहे’मध्ये बसत नाही. फक्त पुष्कळ अटींत हेही लिहिलेलं असतं की हातोडा पडल्यापासून मालाची जोखीम खरेदीदाराची. म्हणून हातोडा आणि उचल यांच्यामधले ते आठ-दहा दिवस हाच सगळ्यात वाईट काळ. शेडमध्ये वीस खरेदीदारांची माणसं फिरत असतात, क्रेन चालू असते, आणि दारावरचा माणूस गाडीचा नंबर लिहून घेतो, गाडीच्या पोटात काय आहे ते नाही.

माझ्या एका उचलीचं सांगतो. मिलिंग मशीन घेतलं होतं, सोबत डिव्हायडिंग हेड (जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मोजून फिरवून त्याचे सारखे भाग पाडायचं साधन) आणि त्याच्या भोकं असलेल्या तीन प्लेट. पाहणीच्या दिवशी मशीनच्या पायथ्याचं कपाट उघडून फोटो काढला होता; त्यात वरच्या फळीवर हेड, खालच्या फळीवर एकावर एक ठेवलेल्या तीन प्लेट आणि कोपऱ्यात लॉटचा स्टिकर दिसत होता. उचलीला गेलो तर हेड होतं, प्लेट नव्हत्या. खालच्या फळीवर तेलकट धुळीचा जाड थर, आणि त्यात ताटलीएवढं एक स्वच्छ गोल वर्तुळ. बाजूला बोटं घसरल्याच्या चार रेघा. मी काहीच उचललं नाही. त्या वर्तुळाचा फोटो काढला, आधीचा फोटो शेजारी धरला आणि लिलाववाल्यांच्या माणसाला बोलावून आणलं. तो आधी ‘साहेब, जसं आहे तसं’ म्हणाला. मग वाकून फळी पाहिली आणि रजिस्टर आणायला गेला.

प्लेटशिवाय हेडला काय अर्थ असतो ते सांगायला हवं, कारण ‘तीन पत्र्यांसाठी एवढं काय’ असं मला त्याच दिवशी दोघांनी विचारलं. नेहमीच्या हेडमध्ये हँडलच्या 40 फेऱ्यांना जॉबची एक फेरी होते. 8 भाग पाडायचे तर हँडलच्या 5 पूर्ण फेऱ्या, काम झालं. पण 7 भाग पाडायचे तर 5 पूर्ण फेऱ्या आणि वर पाच सप्तमांश. तो पाच सप्तमांश मोजायला 21 भोकांचं वर्तुळ लागतं, त्यावर 15 भोकं पुढे जायचं. ते वर्तुळ प्लेटवर असतं. प्लेट नसतील तर पूर्ण फेऱ्यांत बसतील तेवढेच भाग पाडता येतात, बाकी हेड म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा.

रजिस्टरवरून कळलं की शेजारच्या लॉटचा माल आदल्या दिवशी गेला होता. फोन लावला. त्या माणसाच्या पॅलेटवर व्हाइसच्या (टेबलावरच्या पकडीच्या) खाली दोन प्लेट निघाल्या. त्याच्या कामगारांनी ‘इथलंच असेल’ म्हणून चढवल्या होत्या. तिसरी आजतागायत मिळालेली नाही. 37 ते 49 भोकांची वर्तुळं तिच्यावरच होती.

म्हणजे मेसेजमधलं तिसरं वाक्य. सामान गेलं की लिलाववाल्याकडे बोट दाखवणं सोपं असतं, पण तो बहुधा विकणाऱ्याचा एजंट असतो आणि त्याचं पोट बोलीच्या रकमेवर चालतं. चक बाजूला काढून मशीन ‘चकविना’ विकलं तर बोली पडते, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. सामान जातं ते इतर वाटांनी. बंद पडलेल्या कारखान्यातला ऑपरेटर वीस वर्षं वापरलेलं मायक्रोमीटर निरोपाची भेट समजून नेतो. रिगिंगवाले (जड मशीन उचलून हलवणारे) मशीन हलकं करायला चक उतरवतात आणि तो भिंतीशी राहतो. शेजारचा खरेदीदार माझ्यासारखाच घाईत असतो. लिलाववाला साधू नसतो हेही खरं. त्याचा दोष बहुतेक वेळा चोरीचा नसून आळसाचा असतो: स्टिकर मशीनच्या अंगावर लावतात, तिच्या कपाटावर आणि सुट्या सामानाच्या पेटीवर लावत नाहीत. पण चोरीचा आरोप आणि आळसाची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्याच वाक्यात ‘चोर’ म्हणालात की समोरचा रजिस्टर आणायला जात नाही.

आता फोटो. फोटो अनेकदा लॉट पाडायच्या आधी, शेड चालू असतानाच काढलेले असतात. नंतर टूलचं कपाट एक लॉट होतं, टेबलावरचा व्हाइस दुसरा. कधी तर फोटोतली वस्तू विकणाऱ्याची नसतेच. प्लॅस्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनमध्ये साचा चढवलेला दिसतो, पण तो साचा पुष्कळदा त्या कारखान्याच्या गिऱ्हाइकाचा असतो. कारखाना त्यांच्यासाठी माल पाडून देत होता, एवढंच. वेल्डिंग सेटशेजारचं गॅसचं सिलिंडर बहुधा गॅस पुरवणाऱ्या कंपनीचं. कोपऱ्यातला कॉम्प्रेसर भाड्याचा असू शकतो. विकणाऱ्यालाच जे विकायचा हक्क नाही ते लिलाववाला तुम्हाला कुठून देणार? फोटोचा उपयोग आहे, पण तुम्ही काढलेल्या फोटोचा, पाहणीच्या दिवशीच्या, स्टिकर दिसेल असा.

‘कुठेही मिळतात’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने थ्री-जॉ चक कधी खोलला नसावा. त्याचे जॉ दिसायला सारखे, पण प्रत्येकावर 1, 2, 3 असा आकडा कोरलेला असतो आणि पाठीवरचे दाते एकेक तृतीयांश पिचने (दोन दात्यांमधल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाने) सरकवलेले असतात, म्हणजे चकच्या आतल्या स्क्रोल नावाच्या चकतीवरच्या एकाच सर्पिल वाटेवर तिघे एकदम मध्याला पोचावेत. 2 नंबरचा जॉ 1 च्या जागी घातलात तर जॉब मध्य सोडून एका बाजूला जातो. अखंड जॉ उलटा फिरवूनही चालत नाही, म्हणून मोठा जॉब बाहेरून धरायला वेगळा संच असतो. त्या संचातला एक जॉ हरवला की उरलेले दोन भंगारात. दुसऱ्या चकचे तीन आणून बसवाल, तर नेम धरून ग्राइंड करून घेतल्याखेरीज जॉब डुगडुगतो.

याहून वाईट 127 दात्यांचा गियर. इंचाचा लीडस्क्रू (टूल ठरल्या गतीने सरकवणारा लांब स्क्रू) असलेल्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर इंच आणि मिलिमीटर यांचं नातं गियरमध्ये यावं लागतं. एक इंच म्हणजे नेमके 25.4 मिलिमीटर, म्हणजे 127 भागिले 5. आणि 127 ही मूळ संख्या. तिचे तुकडे पडत नाहीत, त्यामुळे दोन लहान गियर लावून तिची बरोबर नक्कल होत नाही. तो मोठा गियर स्वतःच हवा. 63 आणि 80 च्या जोडीने जवळपास जाता येतं, चूक आठ हजारांत एक. छोट्या बोल्टला कुणाला कळणारही नाही. पण मीटरभर लांबीचा स्क्रू कापलात तर शेवटी मिलिमीटरचा आठवा भाग सरकलेला असतो. हा गियर सहसा मशीनवर चढवलेला नसतो, मागच्या कपाटात खिळ्याला टांगलेला असतो. कपाट रिकामं करणाऱ्याला ते भंगार वाटतं.

सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं, दुखणं आणखी वेगळं. तिथे टूलहोल्डर आणि त्यांना स्पिंडलमध्ये ओढून धरणारे पुल स्टड गेले तर पैसे टाकून येतील. पण पुष्कळ जुन्या कंट्रोलमध्ये मशीनचे पॅरामीटर (त्या मशीनच्या सेटिंगचे आकडे) बॅटरीवर जिवंत असलेल्या मेमरीत असतात. शेड बंद, वीज तोडलेली, बॅटरी मेली, मेमरी पुसली. मग कंट्रोलच्या दाराच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत खोचलेला पॅरामीटरचा छापील कागद हाच त्या मशीनचा सगळ्यात मोलाचा सुटा भाग ठरतो, आणि कॅटलॉगमध्ये त्याचं नावही नसतं. मी पाहणीला गेलो की आधी ते दार उघडतो. लोक स्पिंडल हाताने फिरवून बघतात, ते नंतर.

‘आधी माल आणा, मग भांडा’ याबद्दल फार लिहायची गरज नाही. गाडी गेटबाहेर पडली की सामान आत हरवलं की वाटेत, हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही. पुष्कळ अटींत तक्रारीची मुदतही उचलीशी बांधलेली असते. धुळीतलं ते वर्तुळ माझ्या शेडमध्ये आणून दाखवता आलं असतं का?

राहिलं प्रश्न विचारणाऱ्याचं. इंग्लंडमध्ये 1789 साली एक खटला उभा राहिला, पेन विरुद्ध केव्ह. लॉट होता अर्क गाळायच्या भट्टीतली वाफ थंड करायची टाकी आणि तिच्यातली कथिलाच्या मिश्रधातूची वेटोळ्यांची नळी. वापरातल्या यंत्राचे सुटे भागच म्हणा. केव्हची 40 पौंडांची बोली सगळ्यात वरची. लिलाववाला हातोडा टाकेना, म्हणाला की नळी वजनदार आहे, जास्त किमतीची आहे. केव्हने विचारलं, वजनाची हमी देता का? उत्तर आलं, नाही. मग मला नको, असं म्हणून तो हातोडा पडायच्या आत बाजूला झाला. तोच लॉट पुढच्या एका लिलावात 30 पौंडांना गेला आणि फरकाचे पैसे केव्हकडून वसूल करायला दावा लागला. कोर्टाने तो मान्य केला नाही: हातोडा पडेपर्यंत बोली म्हणजे नुसता देकार, मागे घेता येतो. प्रश्न विचारणारा केव्ह हरला नाही, सुटला.

मी हल्ली पाहणी झाल्यावर लिलाववाल्यांना एक ओळीचा ईमेल टाकतो: अमुक लॉटमध्ये कपाटातलं सामान धरलं आहे ना? तीन प्लेट, 127 चा गियर, दोन्ही जॉ संच. निम्म्या वेळा उत्तर येतं, निम्म्या वेळा येत नाही. येत नाही तेव्हा ते सामान नाहीच असं धरून बोली लावतो.