होल्ड लावला, तो काढणार कोण?

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरवरील स्वयंचलित अपडेट सरसकट बंद ठेवावेत, हा एका लेखातील सल्ला मला पटला नाही. अपडेट आपोआप बसवणारे ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे साधन मूळ मांडणीत मुख्यतः सुरक्षा-अपडेटच बसवते, आणि एखाद्या पॅकेजचे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या संचाचे, अपडेट नको असेल तर ते पॅकेज ‘एपीटी-मार्क होल्ड’ या आज्ञेने तेवढ्यापुरते आहे त्या आवृत्तीवर रोखता येते. अर्थात होल्डही जपूनच लावावा. आमच्याकडे डेटाबेसचे पॅकेज एका स्थलांतरापुरते रोखले होते; काम संपल्यावर होल्ड काढायचा राहून गेला आणि पुढचे आठ महिने त्याला एकही सुरक्षा-दुरुस्ती मिळाली नाही. ‘केप्ट बॅक’ (अपडेट न करता मागे ठेवलेली पॅकेजेस) ही ओळ अपडेट करताना दर वेळी स्क्रीनवर येत होती, पण ती वाचायची सवय कोणालाच नव्हती, मलाही नाही. आता ‘शोहोल्ड’ या आज्ञेने मिळणारी रोखलेल्या पॅकेजेसची यादी दर सोमवारी मेलवर येते, आणि कोणी, कशासाठी व कोणत्या तारखेपर्यंत रोखले हे नोंदवल्याशिवाय आम्ही होल्ड लावत नाही.